माळवदावरचं ऊन आणि माशाचं तेल

पहिल्यांदा मला उठता आलं नाही ते चुलीपुढून. भाकरी झाल्या, तवा उतरवला, आणि उठायला गेले तर कमरेखालचं अंग माझं नव्हतंच. जमिनीवर हात टेकले, भिंत धरली, मग कशीबशी उभी राहिले. थोरलं लेकरू तेव्हा रांगत होतं. ते उंबऱ्यावरून माझ्याकडं बघत हसलं, कारण त्याच्यासारखीच आईही चार पायांवर आलेली त्याला दिसली होती.

माझं माहेर वऱ्हाडात, वाशीमच्या अलीकडं. तिथं मी लग्नापर्यंत कापसाच्या रानात हिंडले, विहिरीवर पोहले, बोरीवर चढले. मग लग्न होऊन हिंगोलीला आले. सासर देशमुखाचं. त्या काळी निजामी मुलखातल्या देशमुखांच्या घरी गोषा असे. सुनेनं ओसरीवर यायचं नाही, पाणी गड्यानं आणायचं, बाजार पुरुषांनी करायचा. आमचं घर गावातलं, अरुंद बोळातलं. स्वयंपाकघर मधल्या खणात, त्याला एकच झरोका. लग्नानंतर वर्षभरातच मी गोरी दिसायला लागले. आईनं पाहिलं तेव्हा तिला आनंद झाला. मलाही झाला.

थोरल्याच्या बाळंतपणानंतर दुखणं सुरू झालं. आधी कंबर, मग मांड्या, मग बरगड्या. कूस बदलली तरी कळ यायची. चालताना मी बदकासारखी डुलायला लागले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या मायाळू होत्या, पण त्यांच्याजवळ प्रत्येक दुखण्याला एकच नाव होतं, बाळंतवात. त्यांनी शेक दिला, तेल चोळलं, डिंकाचे लाडू केले. लाडू मी आवडीनं खाल्ले. पायांना त्यांचा काही उपयोग झाला नाही.

शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, सरकी-कापसाचे व्यापारी, पिढ्यान् पिढ्या गावात राहिलेले. त्या घरच्या बाईला मी खाला म्हणत असे. आमच्या दोघींच्या घरांची माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, एकमेकांना लागून होती. खाली दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून आमचं बोलणं चाले. खाला माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिची कंबर एका बाजूला कललेली होती आणि पाय गुडघ्यांशी वाकलेले. तिची लेकरं पोटातच अडून गेली होती, एक मुलगी तेवढी वाचली होती. माझी चाल तिनं खिडकीतून पाहिली आणि म्हणाली,

“बेटी, ही तकलीफ मला ठावकी हाय. माझं बी असंच सुरू झालं होतं.”

“मग काय केलं तुमी?”

“काय करनार? सहन केलं.”

मला सहन करायचं नव्हतं. मी विशीतली होते आणि मला माझे पाय परत पाहिजे होते. त्याच सुमारास माझा मोठा भाऊ सणाचं बोलावणं घेऊन आला. मी त्याला पाणी द्यायला भिंत धरून आले, तर त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“ही काहून अशी चालून राहिली?” त्यानं आत्याबाईंना विचारलं.

“बाळंतवात हाय. जाईल हळूहळू.”

“दोन वर्षं झाली की लेकराला!”

तो माझ्या नवऱ्याकडं वळला. हे मुळात सरळ माणूस, फक्त घरातल्या बायांच्या दुखण्यात पुरुषानं पडू नये अशी त्यांची समजूत होती. भावानं ती समजूत त्या दुपारी पार मोडून टाकली. परभणीहून एक डॉक्टरीणबाई अधूनमधून रेल्वेनं हिंगोलीला येत. पुढच्या खेपेला त्या टांग्यातून आमच्या बोळात उतरल्या.

बाई ख्रिस्ती होत्या, पांढरं पातळ, पायात बूट, बोलणं थोडकं आणि ठाम. त्यांनी माझी नडगी बोटानं दाबली, बरगड्या दाबल्या, चालायला लावलं. मग दिव्याचा उजेड जवळ घेत विचारलं,

“तुम्हाला ऊन कुठं लागतं?”

मला प्रश्नच कळला नाही. “ऊन? आमच्यात लागू देत न्हाईत,” मी म्हणाले. सांगताना मला जरा अभिमानच वाटला होता.

“तेच तुमचं दुखणं आहे,” त्या म्हणाल्या. “हाडं मऊ पडलीत. लहान मुलांना मुडदूस होतो ना, तोच मोठ्या बाईला झाला तर असा होतो. उन्हानं अंगात एक जीवनसत्त्व तयार होतं. ड म्हणतात त्याला. ते नसलं तर दूध पिऊनही त्यातला चुना हाडात बसत नाही. वर तुम्ही लेकराला अंगावर पाजलंत, ते तुमच्याच हाडांतून गेलं.”

मी लगेच खालालाही बोलवायला सांगितलं. ती बोळातून बुरख्यात आली आणि बाईंनी तिलाही तपासलं. खालाची हाडं जिथं वाकली होती तिथं वाकूनच घट्ट झाली होती. “ती सरळ होणार नाहीत,” बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, “पण दुखणं जाईल, आणि पुढचं वाकणं थांबेल.” खालानं मान हलवली. कुणीतरी तिला खरं सांगितलं, एवढ्यानंच तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा मला वाटला.

मग औषधाचं बोलणं निघालं. हे ओसरीवरून आत आले होते आणि दाराआडून ऐकत होते. त्यांनी विचारलं, बाजारात काय काय मिळतं? बाईंनी समजावून सांगितलं. एक असतं कॉड नावाच्या माशाच्या काळजाचं तेल, विलायतेहून बाटलीत भरून येतं. दुसरं तेच तेल, पण माल्ट घातलेलं, काकवीसारखं घट्ट आणि गोड. ते पोरांना आवडतं, पण त्यात तेल थोडं आणि गोडवाच जास्त. तिसरे थेंब, नुसत्या त्या जीवनसत्त्वाचे, फार जोरकस.

“मग थेंबच आणतो,” हे म्हणाले. “जोरकस तेच बरं.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “थेंबाच्या ठिकाणी चमचा गेला तर माणूस आजारी पडतं. मी इथं रोज नसते, आणि घरात लहान मूल आहे. साधं तेल आणा. बाटली गडद काचेची हवी, बूच लाखेनं बंद केलेलं हवं. कुणी बनवलं आणि एका चमच्यात औषध किती, हे वर छापलेलं हवं. ज्यावर हे लिहिलेलं नाही ते घेऊ नका, कितीही चांगलं दिसलं तरी.”

“आणि लौकर बरं व्हायला दुप्पट घेतलं तर?” यांचा पुढचा प्रश्न.

“तर लौकर उलट्या होतील,” त्या म्हणाल्या आणि मी त्या दुखण्यातही हसले.

माशाचं नाव निघाल्यावर माझं लक्ष आत्याबाईंकडं गेलं. आमच्या घरात पुरुष मटण खात, पण आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी थोडा विचार केला. “औषध म्हनल्यावर घे,” त्या म्हणाल्या, “पन माझ्या चुलीकडं बाटली आनू नको आन् चमचा येगळा ठेव.” एवढ्यावर ते मिटलं. माळवदाच्या जिन्यात एक कोनाडा होता, अंधारा आणि गार. बाटलीला तीच जागा योग्य होती, कारण बाईंनी ती उजेडात ठेवू नका म्हणून बजावलं होतं.

खरा तंटा झाला तो उन्हावरून. बाईंनी रोज माळवदावर बसायला सांगितलं होतं, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून.

“देशमुखाची सून माळवदावर?” आत्याबाई म्हणाल्या. “गाव काय म्हनंल?”

यांनीही मान खाली घातली. “तेलानंच भागत असंल तर बघा,” ते पुटपुटले.

तोपर्यंत त्या घरात मी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. आवाज त्या दिवशीही वाढवला नाही. फक्त म्हणाले, “गावाला काही म्हनायचं असलं तर गावानं रोज येऊन मला चुलीपुढून उठवावं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गड्याला घेऊन शेतावर गेले आणि बैलगाडीभर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घेऊन आले. त्यांचा कूड विणून माळवदाच्या कडेनं पुरुषभर उंचीचा आडोसा उभा केला. खालाच्या मालकांनी आपल्या वखारीतली गोणपाटं पाठवली. ती आतून बांधली. दोन माळवदांमधली भिंत हातभर फोडली. वर आकाश सोडून आम्हाला कुणी बघू शकत नव्हतं, आणि आकाश तेवढं हवं होतं.

पहिल्या दिवशी जिना चढायला मला यांचा खांदा लागला. खाला तिच्या बाजूनं मुलीच्या आधारानं आली. ती आली ती अंगभर चादर गुंडाळून. डॉक्टरीणबाई त्या दिवशी गावात होत्या, त्या मुद्दाम बघायला वर आल्या होत्या.

“ही चादर कशाला?”

“शरम वाटते, डॉक्टरसाहेब. चादरीवरून बी ऊन लागतेच की.”

“लागतं ना,” बाई म्हणाल्या. “आठ दिवसांत चादरीची हाडं पक्की होतील.”

खाला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं चादर सोडली. कितीतरी वर्षांनंतर तिच्या दंडांना ऊन लागत होतं. ती दंडांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, “गरम गरम लागते बेटी, रोटीवानी.”

बाईंनी उन्हाचेही नियम घालून दिले. सकाळचं ऊन वर आलं की बसायचं, कातडी ऊबदार झाली की पुरे. अंग लाल होऊ द्यायचं नाही. उन्हाळ्यात लवकर बसायचं आणि लवकर उतरायचं, डोक्यावर पदर असू द्यायचा. शिवाय दूध आणि ताक, आणि खडूसारखी एक पांढरी पूड पाण्यातून घ्यायची.

तेलाच्या बाटल्या भावानं अकोल्याहून आणल्या. तेव्हा वऱ्हाड इंग्रजी अमलात आणि आम्ही निजामाच्या. मधे कनेरगावला करोडगिरीचा नाका होता. तिथं माल उघडून बघत आणि जकात घेत. नाक्यावरच्या शिपायाला बाटल्या बघून दारूचा संशय आला. भाऊ सांगू लागला, दवा आहे, बहिणीसाठी आहे. शिपाई ऐकेना. त्यानं एका बाटलीचं बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि तसाच दोन पावलं मागं सरला.

“ले जाव, भाई, ले जाव!” तो नाक धरून म्हणाला.

“अगुदर बूच बसवून दे बराबर,” भाऊ म्हणाला, आणि त्यानं ते घट्ट बसवून घेतल्याशिवाय नाका सोडला नाही. ती उघडलेली बाटली आम्ही आधी वापरायला काढली.

शिपायाचं काही चुकलं नव्हतं. त्या तेलाचा वास वर्णन करून सांगता येत नाही. पहिला चमचा मी घेतला आणि तो तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी मी माझी रीत ठरवली. उपाशीपोटी घ्यायचं नाही, जेवणानंतर घ्यायचं. आधी जिभेवर मीठ-लिंबू, मग नाक दाबून चमचा, मग लगेच चिंचेचं बोटूक. खालानं वर गरम चहाचा घोट सुचवला. महिन्याभरात मी तो चमचा पाणी प्यावं तसा घ्यायला लागले. खाला मात्र शेवटपर्यंत प्रत्येक चमच्यानंतर तोंड वाकडं करून “या अल्ला” म्हणत असे, आणि घेतल्याशिवाय राहत नसे.

फरक लगेच पडला नाही. बाईंनी तसं सांगितलंच होतं, म्हणून मी धीर सोडला नाही. आधी रात्री कूस बदलताना येणारी कळ कमी झाली. मग बरगड्यांचं दुखणं गेलं. मग एके सकाळी मी जिना कुणाचा हात न धरता चढले आणि वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. खाली आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी वरून ओरडले, “आत्याबाई, मी एकटी आले!” त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघत राहिल्या. “हळू बोल,” त्या म्हणाल्या, “गाव ऐकंल.” पण त्या रडत होत्या.

पुढं दुसऱ्या महायुद्धाची लढाई वाढली आणि विलायती तेल येणं बंद झालं. भावानं अकोला पालथं घातलं, मिळालं नाही. तेव्हाच मला पुन्हा दिवस गेले. हे काळजीत पडले. आखाडा बाळापूरच्या बाजारात कुणी माशाचं तेल विकतो असं त्यांनी ऐकलं आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. चेहरा अगदी खुश.

“घे. विलायतेहून भारी हाय म्हनला तो.”

मी झाकण काढलं. वास माशाचा होता, पण वरवरचा, सुकट ठेवलेल्या मडक्यासारखा. खाली जवसाच्या तेलाचा वास. माझ्या माहेरी जवस पिकायचा, तो वास मला झोपेतही ओळखू आला असता.

“हे मी घेनार न्हाई,” मी म्हणाले.

“अगं, काहीच न्हाई त्यापरीस बरं ना?”

“कुनी बनवलं ते लिवलं का यावर? चमच्यात किती औषध हाय ते? मंग मी काय घेऊन राहिले ते मला कसं कळंल? पोटात लेकरू हाय.”

ते तेल गाडीच्या आखाला लावलं. यांच्या मनाला थोडं लागलं, पण दोन दिवसांनी तेच हसून गड्याला सांगत होते की आमची गाडी आता विलायती औषध पिते.

डॉक्टरीणबाई आल्यावर मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक केलंत. मग त्यांनी दुसरी वाट दाखवली. आपल्याच समुद्रातल्या मोठ्या मुशी माशाच्या काळजाचं तेल आता मुंबईकडं बनायला लागलं होतं. त्याची बाटली त्यांनी स्वतः मिळवून दिली. ती बंद होती, वर छापील कागद होता. “पण हे त्या तेलासारखं नाही,” त्यांनी बजावलं. “यात डोळ्यांना लागणारं दुसरं जीवनसत्त्व फार आहे आणि तुम्हाला हवं ते कमी. म्हणून हे वाढवून पिऊ नका, त्या दुसऱ्याचा अतिरेक पोटातल्या बाळाला बरा नाही. मी सांगते तेवढंच घ्या, आणि कमी पडेल ते उन्हानं भरून काढा.”

मी तसंच केलं. त्या हिवाळ्यात मी एक दिवसही माळवद चुकवलं नाही. खाला सोबत असेच. तिची मुलगीही असे. ती नुकती पडद्यात बसण्याच्या वयाला आली होती. खालानं तिला पहिल्या दिवसापासून आमच्यात बसवली. “हिचे पाय माझ्यावानी होऊ देनार न्हाई मी,” ती म्हणे. आम्ही तिथं तूर निवडली, वाकळा शिवल्या, मुलीला मी अक्षरं शिकवली आणि तिनं मला उर्दू आकडे.

बाळंतपण गावात नाही, परभणीला आपल्या दवाखान्यात होईल, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. माझी हाडं आता घट्ट होती, पण मऊ असताना माकडहाडाजवळची बाळ बाहेर यायची वाट थोडी अरुंद झाली असेल, अशी त्यांना शंका होती. “कदाचित सोपं जाईल. पण अडलं तर मी जवळ हवी.” यावर घरात वाद झाला नाही. खालाचं काय झालं होतं ते आत्याबाईंना माहीत होतं. त्यांनीच माझं बोचकं बांधलं आणि माझ्याबरोबर रेल्वेत बसल्या. त्यांचा तो पहिला रेल्वेप्रवास. पूर्णेला गाडी बदलताना त्यांनी माझा हात असा धरला होता की आधार कोण कुणाला देतंय ते कळत नव्हतं.

कळा लांबल्या. एकदा बाईंचा चेहरा गंभीर झालेला मी पाहिला. पण मग कळांना जोर आला, अंगात ताकद आली, आणि मुलगी झाली. बाईंनी तिचे दोन्ही पाय धरून ताणून बघितले, मनगटं बघितली, डोक्याची टाळू चाचपली आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली.

“सरळ आहेत,” त्या म्हणाल्या.

“सगळं सरळ?” आत्याबाईंनी विचारलं.

“सगळं.”

मी पूर्ण पहिल्यासारखी झाले नाही. डाव्या पायानं किंचित झोल देत चालते. ओळखीचे लोक मला लांबून चालीवरून ओळखतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या चालीनं मी शेतावर गेले, बाजारात गेले, पुढं गोषाही सुटला तेव्हा बोळातून सरळ रस्त्यावर गेले.

माझं कळल्यावर आसपासच्या बाया येऊ लागल्या. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. एकदा जवळच्या तांड्यावरची एक बाई दूध घालायला आली होती. ती आमचं बोलणं ऐकून म्हणाली, “आमच्या बायांना न्हाई होत असलं काही.” ती रोज उन्हात गुरांमागं फिरत होती, तिचे दंड तांब्यासारखे होते. आत्याबाई तिच्याकडं बघत म्हणाल्या, “तुला काहून होईल माय.”

येणाऱ्या बायांना मी औषध कधी दिलं नाही. कुणी माझी बाटली मागितली तरी नाही. सगळ्या कंबरा एकाच कारणानं दुखत नाहीत. आधी डॉक्टरीणबाईंना दाखव, म्हणत असे. त्या तेल घे म्हणाल्या तर बंद बाटली घे, छापील कागद वाचून घे, सांगितलं तेवढंच घे. ऊन मात्र आजच सुरू कर.

खालाच्या मुलीचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मुलाकडची माणसं बघायला आली. देण्याघेण्याचं झालं, जेवणं झाली. पुरुष बाहेर बोलत होते. आत मी खालाच्या शेजारी बसले होते. तिनं मुलाच्या आईला जवळ बसवलं आणि विचारलं,

“तुमच्या घराला माळवद हाय का?”

“हाय ना. काहून?”

“त्यावर ऊन येते का?”

त्या बाईला वाटलं खाला धान्य वाळवायचं विचारते आहे. “भरपूर येते,” ती म्हणाली. “मिरच्या, डाळी, सगळं वाळते.”

“मंग माझी लेक रोज तिथं बसंल,” खाला म्हणाली. “हात उघडे टाकून. आडोसा तुमी करा, न्हाईतर आमी करून देतो. हे कबूल असंल तर बोला.”

मुलाची आई माझ्याकडं बघू लागली. मी उठले, पदर खोचला आणि तिला म्हणाले, “चला, वर चला. बसून बघा एकदा.”

ती आली. आम्ही तिघी आणि मागं ती मुलगी, जिना चढून वर गेलो. थंडीचे दिवस होते. ती बाई आधी उभीच राहिली, मग गोणपाटावर टेकली, आणि थोड्या वेळानं तिनं आपणहून बाह्या वर सरकवल्या.